टॉवरवरचे अकरा फोटो

आमच्या दुकानात बाराचा रोल कधीच बाराचा नसायचा. नवा रोल कॅमेऱ्यात भरला की पहिला फोटो देवाचा, असा दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नेम होता. गल्ल्याच्या वर नरसिंहपूरच्या नरसिंहाची तसबीर टांगलेली होती, आमचं कुलदैवत. रोल भरायचा, उदबत्ती ओवाळायची, तसबिरीसमोर कॅमेरा धरून खटका दाबायचा आणि मग गिऱ्हाइकाकडे वळायचं. नरसिंहाच्या इतक्या निगेटिव्ह आमच्याकडे साठल्या होत्या की आई म्हणायची, देवालाबी आता तोंड इकडं करून बसायचा कंटाळा आला असंल. लग्नाबारशाच्या फोटोंत अकरा काय आणि बारा काय, कुणी मोजत नसे. आम्हीही कधी मोजले नव्हते.

दुकान बारामतीत, पेठेच्या तोंडाशी. पुढं स्टुडिओ, मागं दोन खोल्यांचं घर आणि त्याच्याही मागं न्हाणी. सकाळी सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या की न्हाणीच्या खिडकीला काळं कापड लागायचं, लाल दिवा पेटायचा आणि न्हाणीची डार्करूम व्हायची. शेजारी पिठाची गिरणी होती. तिच्या पट्ट्याचा आवाज भिंतीतून दिवसभर यायचा, आणि मी त्या आवाजाच्या ठेक्यावर मनातल्या मनात सेकंद मोजून फोटो धुवायची. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला फोटो धुवायच्या औषधाचा वास होता. वरणाला होता, उशांच्या अभ्र्यांना होता, शाळेत माझ्या वेणीलाही होता. ओले फोटो आईच्या लुगड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगलेले असायचे, आणि भाकऱ्या थापता थापता आई परक्या लग्नांतल्या नवऱ्यामुलींची तोंडं न्याहाळायची. अमकीचं नाक चांगलं हाय पण तिला हसायला सांगायला नको व्हतं, असे तिचे शेरे चालायचे. तिची वांग्याची भाजी आणि तिचे शेरे, दोन्ही झणझणीत.

आतलं सगळं काम माझं. रोल धुणं, छापणं, कडा कापणं, मागं तारीख लिहिणं. शाळांचे मोठे ग्रुप फोटो आले की माझी खरी कसोटी लागायची. दीडशे पोरं एका फोटोत मावत नसत. दादा डावीकडची बाजू एका फोटोत घ्यायचे, उजवीकडची दुसऱ्यात, आणि मधला एखादा मुलगा दोन्हींत येईल एवढं बघायचे. त्या मुलाच्या शर्टाच्या गुंड्यांवरून पातं फिरवून मी दोन्ही कागद असे जोडायची की मुख्याध्यापकांनाही सांधा सापडायचा नाही. ह्या कामात माझा हात बसला होता आणि दादांचा नव्हता, हे दादांनाही ठाऊक होतं. पण कॅमेरा मात्र माझ्या हाती नाही. गिऱ्हाइकासमोर तर नाहीच. कॅमेरा म्हणजे दुकानाचं तोंड, असं ते म्हणायचे, आणि दुकानाचं तोंड पोरीच्या हातात कसं द्यायचं, हा त्यांचा प्रश्न ते मोठ्यानं बोलून दाखवत नसत, एवढाच त्यांचा मोठेपणा.

अशात लासुर्ण्याहून आबांचं, म्हणजे दादांच्या थोरल्या भावाचं पत्र आलं. आबांचा विलास बावीस वर्षांचा झाला होता, त्याचं मन उसात नव्हतं आणि मळ्यातल्या टोमॅटोतही नव्हतं. त्याला दुकानात घ्या, शिकवा, पुढं त्यानंच दुकान बघावं, तुमाला मुलगा न्हाय तर आपलाच मुलगा हाय, असं आबांनी लिहिलं होतं. दादांनी पत्र जेवताना वाचून दाखवलं. पुढच्या रविवारी तो येतोय म्हणाले.

मी विचारलं, "आन् मी?"

"तू हायेसच की आत," दादा म्हणाले, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मला इतका राग आला की त्या दिवशी मी तीन फोटो काळे केले. विलास चांगला मुलगा होता, मला त्याच्याविरुद्ध काही म्हणायचं नव्हतं. पण ज्याला डेव्हलपर आणि ताक यांतला फरक कळत नव्हता तो दुकानाचं तोंड होणार, आणि मी जन्मभर न्हाणीत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. त्या वयात जन्मभर हा शब्द फार लांबलचक वाटतो. आता वाटत नाही, पण राग मात्र अजून तसाच आठवतो.

त्याच आठवड्यात टॉवरचं काम अंगावर आलं. जळोचीच्या अंगाला माळावर टीव्हीचा टॉवर उभा राहत होता, आणि सगळं गाव मान वर करून चालायला शिकलं होतं. लाल-पांढरा लोखंडी सांगाडा रोज थोडा वाढायचा. त्याच्या डोक्यावर अँटेना बसली की घरोघरी चित्र दिसणार, अशी बोलवा होती. तिथले इंजिनियर साहेब एका सकाळी दुकानात आले. शहरातल्या ऑफिसला टॉवरच्या टोकावरून दिसणाऱ्या क्षितिजाचे फोटो हवे होते. कुठं टेकाड आडवं येतं, कुठं चिमणी, कुठं झाडी, हे बघून अँटेनाची तोंडं ठरायची होती. टोकाच्या कठड्यावर त्यांनी घड्याळासारख्या बारा खुणा रंगवून घेतल्या होत्या. प्रत्येक खुणेवरून एक फोटो, असे बारा. सगळे शेजारी शेजारी ठेवले की पूर्ण गोल झाला पाहिजे, मध्ये फट नको. आणि घाई होती, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी अँटेना वर चढवायची होती. एकदा ती बसली की टोकावर माणसाला उभं राहायला जागा उरणार नव्हती.

दादांनी बारा ऐकलं, रोल बाराचा, व्हय साहेब म्हणाले. पण महिन्यापूर्वी स्टुडिओच्या पायरीवर घसरून त्यांचा गुडघा निकामी झाला होता. ते काठी घेऊन चालत होते. गावातला दुसरा फोटोग्राफर आदल्या दिवशी वीस पायऱ्या चढून घाम पुसत खाली आला होता, म्हणून तर साहेब आमच्याकडे आले होते. दादा मान खाली घालून बसले. आलेलं काम परत पाठवायची त्यांना सवय नव्हती.

मी आतून हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "मी चढते."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग दादांकडं. "तुम्हाला कॅमेरा येतो?" त्यांनी मला विचारलं. सभ्य माणूस होता.

मी दादांकडं बघितलं. कॅमेरा येत होता. दादा जेवून झोपले की दुपारी रिकाम्या कॅमेऱ्यानं मी गिरणीवाल्याच्या शेळीचे कितीतरी फोटो काढले होते, रोल नसलेले. हे दादांना माहीत होतं का, मला माहीत नव्हतं.

"येतो तिला," दादा म्हणाले. साहेब गेल्यावर मला म्हणाले, "हे काम नीट उतरलं तर इलासचं बघू. न्हाय उतरलं तर पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढायचं न्हाय. कबूल?"

मी कबूल म्हणाले. आई चुलीपाशी ऐकत होती. मला वाटलं आता ती रडणार. ती म्हणाली, "लुगडं नेसून चढायचं न्हाय. दादाची पँट घाल. आन् उपाशी जायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांची पँट सुतळीनं कमरेला बांधून, दही-भाकरी खाऊन मी माळावर गेले. कॅमेरा दादांनी स्वतः भरून माझ्या गळ्यात घातला होता. टॉवरचे फिटर मारुतराव, पन्नाशीचा, हाडकुळा माणूस, त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधला आणि माझे खिसे रिकामे करायला लावले. रुमाल, किल्ली, आईनं दिलेली खारकेची पुडी, सगळं त्यांनी काढून घेतलं. वर जाताना खिशात काही ठेवायचं नाही, हा त्यांचा कायदा. वरून पडलेली खारीकसुद्धा खालच्याचं डोकं फोडते म्हणाले. त्यामुळे माझ्याकडं गळ्यात बांधलेला कॅमेरा आणि त्यातला एक रोल, एवढंच उरलं.

"खाली बघायचं न्हाय, ताई," मारुतराव म्हणाले. "वरबी बघायचं न्हाय. म्होरची पायरी बघायची. मी मागनं हायेच."

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पहिल्या टप्प्यापर्यंत माझे हात लोखंडाला चिकटल्यासारखे झाले होते. दुसऱ्या टप्प्यावर वारा सुरू झाला. जमिनीवर पानही हलत नव्हतं आणि वर माझा सदरा फडफडत होता. तिसऱ्या टप्प्यावर मी बसकण मारली आणि म्हणाले, माझ्यानं व्हायचं न्हाय. मारुतराव खालच्या पायरीवर लटकून तंबाखू मळत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "बसा की. टॉवर कुठं पळून जातोय?" त्यांच्या त्या निवांतपणानं मला उठवलं. टोकाला पोचले आणि कठडा दोन्ही हातांनी धरून मी उभी राहिले. एक गोल फळी, छातीपर्यंत कठडा, त्यावर पांढऱ्या रंगाच्या बारा खुणा. आणि सगळीकडं, जिकडं मान वळवावी तिकडं, आमचा मुलूख. कालव्याच्या कडेनं हिरवा पट्टा, त्याच्या पलीकडं एकदम पिवळा माळ, लांब उत्तरेला धरणाच्या पाण्याची रेघ, पूर्वेला इंदापूरच्या वाटेवरची झाडं. आमच्या घराच्या मागची दोरी मला दिसली. निदान मला तसं वाटलं.

पहिल्या खुणेवर मी पहिला फोटो काढला. त्या कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काचेची बारीक खिडकी असायची, रोल पुढं सरकवला की तीत पुढच्या फोटोचा आकडा दिसायचा. मी चावी फिरवली. दोन दिसायला हवा होता. तीन दिसला.

क्षणभर वाटलं, जास्त फिरवली गेली. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दादांनी रोल भरला होता. दादांनी उदबत्ती लावली होती. एक फोटो नरसिंहाचा होऊन गेला होता, आणि घरातल्या कुणालाही, मलासुद्धा, ही साधी वजाबाकी सुचली नव्हती. आता अकरा खुणा बाकी आणि फोटो दहा. दुसरा रोल नाही. खाली जाऊन परत यायला वेळ नाही, आणि दुपारी अँटेना. मला दादांचा राग आला, देवाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. मारुतरावांना सांगितलं. ते म्हणाले, "देवानं एक खाल्ला म्हना की. मग उरलेल्यात भागवा."

ते सहज बोलून गेले, पण माझं डोकं ग्रुप फोटोंकडं गेलं. गोलात फट नको, एवढंच साहेबांना हवं होतं. खुणा त्यांनी सोयीसाठी केल्या होत्या. एका खुणेचा फोटो शेजारच्या फोटोवर किती चढतो, हे कुणी बघितलं होतं? चांगला बोटभर चढत असणार. शाळेच्या फोटोत मी दोन्हींकडं मिळून एकच मुलगा ठेवायची, इथं तर साहेबांनी चार-पाच पोरं दोनदा घ्यायला सांगितली होती. म्हणजे दर वेळी खुणेपेक्षा थोडं जास्त वळायचं आणि कडेला एकच वस्तू दोन्ही फोटोंत ठेवायची. मी कठड्यावरच्या खुणांकडं बघायचं सोडून दिलं.

पहिल्या फोटोच्या डाव्या कडेला एक विहीर होती, तिच्याशेजारी दोन चिंचा. ती मनात घट्ट धरून ठेवली, कारण शेवटचा फोटो तिथं येऊन मिळायला हवा होता. उजव्या कडेला पाण्याची टाकी. टाकी डाव्या कडेला येईपर्यंत वळले, खटका. मग उजव्या कडेला काय, एसटी. शहाणी मी, एसटीची खूण धरली. चावी फिरवून वर बघते तो एसटी निघून गेलेली. मारुतराव हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. नशिबानं तिथं रस्त्याला वाकडी बाभळ होती, तिच्यावर निभावलं. तिथून पुढं मी न हलणाऱ्या वस्तूच धरल्या. कौलारू शाळा, कारखान्याची चिमणी, कालव्याचं वळण, पांढरं देऊळ. वारा अंगावर येत होता आणि मला तो जाणवत नव्हता. शेवटचा फोटो उरला तेव्हा मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि उजव्या कडेला विहीर शोधली. दोन चिंचा दिसल्या. विहीर अर्धी. डावीकडची शेवटची खूण, एका मळ्यातलं पत्र्याचं खोपटं, तेही कडेला जेमतेम. दोन्ही एकदम धरून मी श्वास रोखला आणि खटका दाबला.

परवा माझ्या नातीनं गच्चीवर उभं राहून फोन गोल फिरवला आणि सगळं गाव एका लांबलचक फोटोत आणलं. फोन आपला आपणच जोडतो म्हणे. मी म्हटलं, बरं करतो. पण मी जोडला होता तो वाऱ्यात उभं राहून, कमरेला सुतळी बांधून. मी बढाई मारते असं माझी सून म्हणते. मारते की. आयुष्यात ज्याची बढाई मारावी असं माझ्याकडं फार नाही, जे आहे ते मारणारच.

घरी आले तेव्हा दादा न्हाणीच्या दाराशी स्टुलावर पाय लांब करून बसले होते. मी आत गेले, लाल दिवाही मालवला, अंधारात रोल धुवायला घेतला. बाहेरून गिरणीचा ठेका आणि दर मिनिटाला दादांचं, "आलं का?" मी म्हणायची, "थांबा." रोल दोरीवर टांगला आणि दार उघडलं. दादांनी पट्टी उजेडात धरली. सगळ्यात पहिला नरसिंह होता. त्यांनी पुढचे मोजले. परत मोजले. त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्याच हातानं घालवला," ते म्हणाले. "सायबानं बारा मागितलेत."

"अकरात बसवलंय, दादा."

"बारा मागितलेत, सुमन."

त्यांना पटलं नाही. मी वाद घातला नाही. मी अकराही फोटो छापले, पुसले, कडा कापल्या. तोवर साहेब येऊन बसले होते. त्यांनी गठ्ठा हातात घेतला आणि तिथंच मोजला. "एक राहिला?" ते म्हणाले. "फोटोवाले, अँटेना वर गेली आता. आता कोण चढणार?"

दादा काठी टेकून उभे राहिले. "साहेब, पोरीची चूक न्हाय. चूक माझी हाय. पैला फोटो मी देवाचा..."

मी मध्येच बोलले. वडिलांना मध्ये तोडण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. "साहेब, मोजू नका. मांडून बघा."

मी स्टुडिओतली खुर्ची बाजूला केली आणि फरशीवर पहिला फोटो ठेवला. टाकीवर टाकी ठेवून दुसरा. बाभळीवर बाभळ, शाळेवर शाळा, चिमणीवर चिमणी. फोटो वळत गेले. साहेब वाकले, मग चपला काढून उकिडवे बसले. मी अकरावा ठेवला. त्याची डावी कड खोपट्यावर बसली. उजव्या कडेची अर्धी विहीर पहिल्या फोटोतल्या विहिरीवर जाऊन बसली. गोल पुरा झाला. साहेब उठले, पाय उचलून अलगद त्या गोलाच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि सावकाश एक फेरी फिरले. आई दारात पीठभरल्या हातांनी उभी होती. गिरणी चालूच होती, पण मला ती ऐकू येत नव्हती.

"हे कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं.

"शाळेच्या ग्रुप फोटोंत," मी म्हणाले.

ते म्हणाले, "ह्याचे अजून दोन संच लागतील. तुमच्याच हातचे." मला इतका अभिमान वाटला की तो कुठं ठेवावा कळेना. तो अजूनही तसाच आहे. त्या अकरा फोटोंचा एक संच माझ्या कपाटात आहे. त्यात जळोची म्हणजे मूठभर घरं आणि सगळी शेतं. आज मी त्याच जळोचीत चौथ्या मजल्यावर राहते आणि माझ्या खिडकीतून तो टॉवर दिसतो. त्याच्याकडं आता कुणी मान वर करून बघत नाही, मी सोडून.

साहेब गेल्यावर दादा शाबास म्हणाले नाहीत. नुसते स्टुलावर बसून गुडघा चोळत राहिले. दुसऱ्या दिवशीही विषय नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, विसरले. किंवा विसरायचं ठरवलं. आबांना पत्र गेलं नव्हतं, हे मला माहीत होतं, कारण आमच्या घरची पत्रं मीच पेटीत टाकायची. रविवार आला आणि सकाळच्या एसटीनं विलास आला. पत्र्याची ट्रंक, नवा शर्ट, केसांना तेल, आणि आबांनी दिलेली टोमॅटोची पाटी. तो दादांच्या पाया पडला, आईच्या पाया पडला. आईनं त्याला पोहे दिले. मी पदराला हात पुसत न्हाणीत जायला निघाले, कारण दोन लग्नांचे रोल पडले होते आणि मला कुणाच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं.

विलासनं पोहे संपवले, बशी धुतली, बाह्या सरसावल्या आणि दादांसमोर उभा राहिला. "काका, सुरवात कुठनं करू? कॅमेरा कुठं हाय?"

दादांनी काठीनं माझ्याकडं दाखवलं.

"मालकिणीला विचार," ते म्हणाले.